तुमच्या मुलाला फेकर का आवडतो?

पालकहो, मूल रात्री जागून कोरियातली कुठलीशी मॅच बघतंय म्हटलं की जीव कासावीस होतो. अभ्यासाचं काय, डोळ्यांचं काय? ही काळजी खरीच आहे. पण मोबाइल हिसकावून घेण्याआधी ते कुणाला बघतंय, तेवढं जाणून घ्या.

बहुधा तो टी वन असेल, सोलचा व्यावसायिक ई-स्पोर्ट्स संघ. त्यांचा गाजलेला खेळ 'लीग ऑफ लेजेंड्स'. पाच जण विरुद्ध पाच जण, आणि समोरच्यांचा तळ उद्ध्वस्त करायचा. या संघाचा कर्णधार ली सांग-ह्योक, जग त्याला 'फेकर' म्हणतं. जन्म १९९६चा. वडिलांनी आणि आजीने वाढवलेला हा मुलगा २०१३ मध्ये संघात आला आणि त्याच वर्षी, सतराव्या वर्षी, विश्वविजेता झाला.

त्याने शाळा अर्ध्यावर सोडली होती. तुमचं मूल हे तुम्हाला नक्की ऐकवेल. त्याला रागावू नका, पण गोष्ट पुरी सांगा. कोरियातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत तो आधीच अगदी वर पोहोचला होता. संघाने त्याला बोलावलं आणि मग शाळा सुटली. हा क्रम फार महत्त्वाचा आहे.

मला मात्र त्याच्या जिंकण्यापेक्षा मधली वर्षं मोलाची वाटतात. २०१५ आणि २०१६ मध्ये पुन्हा विश्वविजेतेपद, आणि २०१७ला बीजिंगमधल्या अंतिम सामन्यात ०-३ असा पराभव. फेकर तिथेच, सगळ्यांच्या देखत रडला. पुढच्या वर्षी तर संघ विश्वस्पर्धेत पोहोचलाच नाही. २०२२ मध्ये पुन्हा अंतिम फेरी गाठली आणि विजेतेपद २-३ने हुकलं. २०२३च्या उन्हाळ्यात मनगट आणि हात इतके दुखावले की त्याला काही आठवडे बाहेर बसावं लागलं. तो नसताना संघ एकामागून एक सामने हरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, सोलमध्येच, टी वन विश्वविजेता झाला. मध्ये सात वर्षं गेली होती. त्यानंतर २०२४ आणि २०२५चं विजेतेपदही त्यांचंच.

तेव्हा फेकरसोबत टी वनमध्ये खेळलेला ली मिन-ह्योंग, म्हणजे गुमायुसी, याच्याविषयीही मुलाशी बोला. २०२५च्या सुरुवातीला त्याला संघाबाहेर बसवून दुसऱ्या खेळाडूला उतरवलं होतं. तो परतला, आणि त्या वर्षी विश्वस्पर्धेच्या चेंगदूतल्या अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. परीक्षेत मागे पडलेल्या किंवा शाळेच्या संघातून वगळलेल्या मुलाला ही गोष्ट तुमच्याआधी कळलेली असेल. म्हणूनच ते यांच्यावर जीव टाकतं.

तरीही या वाटेने पोट भरणारी मुलं अगदी मोजकी असतात, हे त्याला स्पष्ट सांगायलाच हवं. मनगटाचं दुखणं आणि झोप यांबद्दलही बोला, आणि पैसे लावून खेळायचे खेळ वेगळे असतात, हेही सांगा. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आपल्याकडे २०२५च्या कायद्याने बंदी आली, ई-स्पोर्ट्सला मात्र खेळ म्हणून मान्यता आहे.

वेळेचं काय करायचं? कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना रात्री बारा ते सहा ऑनलाइन खेळ बंद केले. २०२२च्या सुरुवातीला तो कायदा रद्द झाला. आता तिथे मूल किंवा पालक मागतील त्या वेळेपुरतीच बंदी लागते. तुम्हीही वेळापत्रक त्याच्यासोबत बसून ठरवा, आणि ते त्याच्याच हाताने लिहून घ्या.

आणि एखाद्या रविवारी त्याला २०२४चा लंडनचा अंतिम सामना दाखवायला सांगा. टी वन १-२ने मागे असताना सुरू झालेला चौथा डाव बघा. तुम्हाला पडद्यावरचं काही कळणार नाही. विचारत राहा, ते समजावून सांगेल.