करवत चालवू द्या

आई-बाबांनो, हट्टाने मागून घेतलेला खेळण्यातल्या सैनिकांचा महागडा डबा मुलाने उघडला आणि चारच दिवसांत त्यातल्या एकाचं मुंडकं बारीक करवतीने कापून बाजूला ठेवलं, तर तुमच्या तोंडून काय निघेल ते मला ठाऊक आहे. ‘अरे, एवढे पैसे घातले आणि तू मोडतोस?’ हेच वाक्य आवरा, एवढं सांगायला मी बसले आहे. त्या क्षणी तुमचं मूल काही मोडत नसतं. विकत आणलेली वस्तू ते पहिल्यांदा स्वतःची करत असतं.

आम्ही राहतो त्या इंग्लंडात हा छंद घरोघरी माहीत आहे. नॉटिंगहॅमच्या आसपास चिमुकले सैनिक घडवणाऱ्या इतक्या कंपन्या आहेत की खेळाडू त्या पट्ट्याला ‘लेड बेल्ट’ म्हणतात. 1975 साली सुरू झालेल्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालयही तिथेच. त्यांचा ‘वॉरहॅमर’ हा खेळ 1983 मध्ये आला आणि आज आपल्या मराठी घरांतली मुलंही, पुण्यात असोत की लंडनमध्ये, बहुधा त्याच वाटेने या छंदात येतात. डब्यातून निघतात ते राखाडी प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले हात, पाय, डोकी, शस्त्रं. ते सोडवायचे, जोडायचे, रंगवायचे आणि मग टेबलावर लढाई मांडायची. उभा सैनिक सुमारे 28 मिलिमीटरचा.

बरीच मुलं डब्यावरच्या चित्राबरहुकूम रंगवतात आणि खेळायला लागतात. त्यातही आनंद आहेच. पण एखाद्या मुलाला खटकतं, की माझे दहाही जण तोच हात वर करून का उभे आहेत? यांच्यातला एक दमलेला का नाही? तिथून ‘कन्व्हर्जन’ सुरू होतं. याच्या धडावर त्याचं डोकं, भाल्याच्या जागी झेंडा, सरळ गुडघा कापून थोडा वाकवलेला.

हे काम किती नाजूक असतं ते एकदा शेजारी बसून पाहाच. मान जेमतेम तीन-चार मिलिमीटरची. ती सरळ कापायची. धातूचा सैनिक असेल तर नुसता गोंद धरत नाही, म्हणून हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने दोन्ही बाजूंना भोक पाडायचं, पेपर क्लिपच्या तारेचा तुकडा आत बसवायचा आणि सुपरग्लूने जोडायचं. भोकं केसभर जरी चुकली तरी डोकं खांद्यावर कललेलं दिसतं. उरलेली फट भरायला निळी आणि पिवळी अशा दोन पट्ट्यांची इपॉक्सी पुट्टी असते. दोन्ही मळल्या की हिरव्या होतात, म्हणून मुलं तिला ‘ग्रीन स्टफ’ म्हणतात. हत्यार ओलं ठेवलं नाही तर ती त्यालाच चिकटते. मळल्यावर तास-दीड तास ती ऐकते, मग हळूहळू कडक होते आणि रात्रभरात दगड बनते. तेवढ्या वेळात कॉलर, पट्टा, अंगरख्याची चुणी कोरायची. अभ्यासाला दहा मिनिटं न बसणारं मूल इथे मान खाली घालून बसतं, म्हणून त्याला टोमणा मारू नका. ते बसू शकतं, हे तुम्हाला आता कळलं आहे.

धारदार पात्याची भीती रास्त आहे. बोथट पातं जास्त घसरतं, तेव्हा पातं वेळेवर बदला. खाली कटिंग मॅट हवी आणि सुरीची दिशा बोटांपासून दूर. अगदी लहान मुलासाठी सुरी तुम्हीच चालवा, कुठे कापायचं ते मात्र त्याला ठरवू द्या. रंगाआधीच्या प्रायमरचा स्प्रे घराबाहेर मारायचा. रेझिनचा सैनिक घासताना तो ओला ठेवायचा आणि मास्क लावायचा, कारण ती धूळ फुप्फुसात जाता कामा नये. जुन्या बाजारातून आणलेल्या धातूच्या सैनिकांत शिसं असू शकतं. ते हाताळल्यावर हात धुणं, त्या टेबलावर खाणं नाही आणि ब्रशचं टोक ओठांनी ओलं करणं तर अजिबात नाही, यावर तडजोड करू नका.

पैशांचंही बोलू. नव्या मुलाला प्रसिद्ध काल्पनिक सैन्यांपेक्षा ऐतिहासिक सैनिकांचे कडक प्लॅस्टिकचे डबे परवडतात, एकेकात तीस-चाळीस जण निघतात. खेळण्याच्या दुकानातले मऊ प्लॅस्टिकचे सैनिक आणखी स्वस्त, पण त्यांना गोंद नीट धरत नाही आणि रंगाचे पापुद्रे निघतात. मूल बिचारं स्वतःलाच दोष देत बसतं. आणि उरलेली डोकी, हात, तलवारी ‘कचरा’ म्हणून झाडून टाकू नका. तोच त्याचा खजिना आहे.

रंगवताना एक टप्पा येतो, तिथे आई-बाबांनी जीभ चावावी. मूळ रंग लागलेले असतात, सावल्या नसतात, चेहरा म्हणजे नुसता गुलाबी ठिपका. प्रत्येक सैनिक, कसलेल्या हाताखालचासुद्धा, त्या वेळी वाईटच दिसतो. ‘हे काय केलंस’ किंवा ‘आण, मी नीट करते’ म्हटलं की ब्रश खाली ठेवला जातो. त्यानंतर पातळ गडद रंगाचा वॉश खाचांमध्ये उतरतो, मग जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरतो आणि अचानक त्या चेहऱ्याला नाक, गाल, भुवया फुटतात. तिथवर मुलाला पोहोचू द्या. सल्ला द्यायचाच असेल तर एकच पुरे: रंग पाणी घालून पातळ कर, एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात दे.

अॅलन आणि मायकेल पेरी हे जुळे भाऊ या क्षेत्रातले मोठे शिल्पकार. 1996 मध्ये फ्रान्समध्ये एका ऐतिहासिक लढाईच्या सादरीकरणात तोफेच्या अपघातात मायकेल पेरींनी उजवा हात गमावला. ते डाव्या हाताने शिल्प करायला शिकले आणि आजही चिमुकले सैनिक घडवतात. ‘मला जमत नाही’ म्हणणाऱ्या मुलांना मी हे जरूर सांगते.

‘पण हा लढाईचा खेळ ना?’ असं काही आया काळजीने विचारतात. एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ लिहून खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम मांडले आणि त्याच पुस्तकात खऱ्या युद्धाचा मूर्खपणा खेळाच्या तुलनेत दाखवला. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं. मला वाटतं, ज्या मुलाने एका सैनिकाच्या डोळ्यावर अर्धा तास घालवला आहे, त्याला ‘एवढे हजार मेले’ हा आकडा नुसता आकडा वाटत नाही.

इथले खेळाडू असईची लढाईही मांडतात. 1803, इंग्रजांचा वेलस्ली एका बाजूला, शिंदे आणि भोसले दुसऱ्या. तुमच्या मुलाला मराठा सैनिक हवा असेल आणि हाताशी युरोपीय शिपायांचा डबा असेल, तर टोपी कापून पुट्टीचे धागे वळून त्याला पागोटं बांधावं लागेल. ते कोणत्या बाजूने गुंडाळत आणतात, शेव कुठे खोवतात, धोतराचा काचा मागे कसा जातो, हे सूचनापत्रकात नसतं. तेव्हा मूल पुट्टी मळून तुमच्याकडे येईल. कपाटातलं उपरणं काढा, बाबांच्या नाहीतर आजोबांच्या डोक्याला हळूहळू गुंडाळून दाखवा आणि पुट्टी कडक व्हायच्या आत त्याला सगळ्या बाजूंनी नीट पाहू द्या.