घेवडा मंद आचेवर नको

वाघ्या घेवडा आमच्या साताऱ्याकडचा, त्यातही कोरेगावचा. दाण्यावर तांबूस पट्टे, म्हणून वाघ्या. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. गावाकडून कुणी आलं की पिशवी येतेच. त्यामुळे या घेवड्यानेच घर आडवं केलं, हे आम्हाला आधी पटेना.

पुण्यात भाचीकडे जेवायला गेलो होतो. तिने भिजवलेला घेवडा, मसाला आणि पाणी नव्या इलेक्ट्रिक स्लो कुकरमध्ये घातलं आणि ती कामावर गेली. संध्याकाळी उसळ तयार. रंग झकास, दाणा किंचित दाताखाली येत होता, इतकंच. दोनेक तासांत उलट्या सुरू झाल्या, मागोमाग जुलाब. संशय अर्थातच श्रीखंडावर. पण श्रीखंडाला हात न लावलेले तिचे सासरेही आडवे झाले होते, आणि उसळ नको म्हणणारी धाकटी मजेत टीव्ही बघत होती. डॉक्टरांनी घेवडा कशात शिजवला ते विचारलं, तेव्हा कुठे उलगडा झाला. सकाळपर्यंत सगळे सावरले.

राजमा आणि त्याच्या जातीचा घेवडा यांच्या कच्च्या दाण्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. लाल राजम्यात सर्वांत जास्त, पांढऱ्यात कमी. चार-पाच कच्चे दाणेही त्रास द्यायला पुरतात. खळखळत्या उकळीत ते निकामी होतं, पण स्लो कुकरमधलं अन्न बऱ्याचदा ७५ अंशांच्याही वर जात नाही. अर्धवट तापलेल्या, ८० अंशांच्या आसपासच्या दाण्यात तर विषाचा जोर कच्च्या दाण्यापेक्षा वाढलेला आढळला आहे. म्हणजे मऊ झालेला दाणा निर्धोक झालाच, असं नाही. आपल्या आया-आज्यांना हे सांगावं लागलं नाही, कारण उसळ म्हटली की चुलीवर रटरटणारं पातेलं, नाहीतर शिट्ट्या! साध्या कुकरात पाण्याचं तापमान १२० अंशांच्या जवळ जातं.

म्हणून घेवडा किंवा राजमा निदान पाच तास, खरं तर रात्रभर भिजवा आणि ते पाणी ओतून द्या. उसळीला चव येते म्हणून ते राखून ठेवणारे लोक मी पाहिलेत. इथे तो मोह नको. ताज्या पाण्यात कुकरला लावा. पातेल्यातच शिजवायचा असेल तर निदान अर्धा तास खळखळून उकळा, मग हवं तितकं मंद आचेवर मुरवा. स्लो कुकर वापरायचाच असेल तर तोही या उकळीनंतरच.

दाणा शिजत नसेल तर दोष बहुधा जुन्या मालाचा किंवा बोअरच्या जड पाण्याचा असतो. भिजवायला गाळलेलं पिण्याचं पाणी घ्या, त्यात थोडं मीठ घाला. चिमूटभर सोड्याने काम होतं, पण ब जीवनसत्त्व जातं आणि जास्त पडला तर साबणासारखी चव येते. टोमॅटो, चिंच, आमसूल मात्र दाणा शिजल्यावरच. आंबटात साल कडक राहते.

मोड आलेले मूग-मटकी कोशिंबिरीत घालतो, तसा मोडाचा राजमा कच्चा खाऊ नये. डब्यातला राजमा शिजवलेलाच असतो. तो नुसता धुऊन घेतला तरी चालतो.