रमजानमधील फलाहार : पथ्य आणि खर्चाचा मेळ

रमजानच्या महिन्यात मलावष्टंभ, अम्लपित्त व शिरःशूल यांचे रुग्ण वाढतात, हा कोल्हापुरात व्यवसाय करणाऱ्या बहुतेक वैद्यबंधूंचा अनुभव असेल. दिवसभराच्या निर्जळ उपवासानंतर मंदावलेल्या अग्नीवर प्रथम भजी व समोसे पडतात. फळांचा वाटा नाममात्र राहतो. अशा वेळी आपण चिठ्ठीच्या तळाशी ‘फळे भरपूर घ्यावीत’ असे लिहून मोकळे होतो. या एका ओळीविषयीच येथे विचार करावयाचा आहे.

मार्च २०२४ मध्ये मार्केट यार्डात हमाली करणारे एक गृहस्थ अर्शाच्या त्रासासाठी आमच्याकडे आले. वय ५२, घरात सहा माणसे, रोजे अखंड. तपासणी करून आम्ही औषधाबरोबर डाळिंब, सफरचंद व अंजीर लिहून दिले. आठ दिवसांनी त्यांच्या पत्नी एकट्याच आल्या. “डॉक्टरसाहेब, फळं आणली, पण पोरांसमोर एकट्यानं खायची कशी? त्यांच्या घशाखाली उतरत नाहीत,” असे त्या म्हणाल्या. फळे मुलांनी खाल्ली होती. रक्तस्राव तसाच होता. दोष पथ्य सांगणाऱ्याचा होता. देश, काल, बल यांचा विचार करणारे आम्ही त्या घरातील ताटे मोजण्यास विसरलो होतो.

भावाचे गणित पुढे त्या गृहस्थांनीच आम्हाला शिकविले. सकाळचे सौदे आटोपले की अधिक पिकलेली केळी, घडातून सुटलेले द्राक्षमणी व डागी खरबुजे बऱ्याच कमी भावाने मिळतात. रोजा सुटण्यापूर्वीच्या तासात गाड्यांवर तेच फळ महाग होते. यार्डातून येतानाच ते फळ घेऊ लागले आणि शेजारच्या दोन घरांनीही त्यांच्याकडे पैसे दिले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारसूचनांत माणशी दररोज सुमारे १०० ग्रॅम फळे सांगितली आहेत. म्हणजे सहा जणांना ६०० ग्रॅम पुरतात. एक मध्यम खरबूज, थोडी द्राक्षे, इतकेच. ‘भरपूर’ या शब्दाने रुग्ण घाबरतो. ‘माणशी एक वाटी’ म्हटले की तो हिशेब करू लागतो.

ग्रंथाधारही या साध्या फळांच्या बाजूनेच आहे. चरकसंहितेतील श्रमहर महाकषायात दहा द्रव्यांपैकी सात फळे आहेत : द्राक्षा, खर्जूर, प्रियाल, बदर, दाडिम, फल्गु व परूषक. रोजा खजुराने सोडण्याची परंपरा या गणाशी किती जुळते, हे पाहून आम्हास कौतुक वाटले. सफरचंद त्यात नाही. भावप्रकाशात खरबूज मूत्रल व कोष्ठशुद्धिकर, तर कालिंद म्हणजे कलिंगड ग्राही व गुरू सांगितले आहे. तहानेसाठी कलिंगड चालेल. मलावष्टंभ असलेल्यास खरबूज द्यावे. पिकलेली द्राक्षे सारक आहेत. ती नसतील तेव्हा सांगली-तासगावचा काळा बेदाणा रात्री भिजवून सहरीला द्यावा. तो हिरव्या बेदाण्याहून स्वस्त पडतो.

चरकोक्त खर्जूरमंथही घरी सहज होतो. खजूर, बेदाणे, चिंच व आमसूल एकत्र भिजवून कुस्करावे. द्रव्याच्या चौपट थंड पाणी, पण बर्फाचे नव्हे, घालून घुसळावे व गाळावे. बाजारातील रंगीत सरबताची बाटली त्यामुळे वाचते. रोजा सोडताना खजूर व पाणी, मग फळ, नमाजानंतर जेवण, असा क्रम सांगावा. भजी वर्ज्य करण्याचा आग्रह आम्ही धरीत नाही, तो टिकत नाही. फळ भज्यांच्या आधी खावे एवढेच म्हणतो. फळे दुधात घालू नयेत. केळ्याचे मिल्कशेक हे विरुद्धाहाराचे उदाहरण आता घरोघरी पोहोचले आहे. कापून ठेवलेली फळे बाहेरून घेऊ नयेत.

मधुमेही रुग्णांच्या बाबतीत घाई नको. इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांच्या औषधाच्या मात्रा व वेळा रोजे सुरू होण्यापूर्वीच त्यांच्या चिकित्सकाकडून ठरवून घ्याव्यात. खजूर व द्राक्षे मोजूनच द्यावीत. कंप, घाम, भ्रम जाणवल्यास रोजा तत्काळ सोडण्यास सांगावे. आजाऱ्याला इस्लामनेच सवलत दिली आहे. वृक्कविकारात केळी व खजूर पोटॅशियममुळे अपायकारक ठरू शकतात.

त्या गृहस्थांची मलप्रवृत्ती महिनाअखेर सुखाची झाली व रक्तस्राव थांबला. औषध चालूच होते, त्यामुळे सर्व श्रेय खरबुजाला देता येणार नाही.

रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०३० मध्ये जानेवारीच्या आरंभी एक व डिसेंबरच्या अखेरीस दुसरा, असे दोन रमजान सुरू होतील. तेव्हा खरबुजाचा हंगाम नसेल. चिठ्ठीवर पेरू, बोरे व आवळा लिहावे लागतील.