बुबुळाच्या पडद्याची जाडी: आकडा आणि यंत्र

डोळ्याच्या दर्शनी भागावरील पारदर्शक पडदा, ज्याला ग्रंथांत पारपटल आणि दवाखान्यात कॉर्निया म्हणतात, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. नागपूरजवळच्या खेड्यांत झालेल्या ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’त प्रौढांमध्ये ही जाडी सरासरी ५१४ मायक्रॉन (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आढळली, तर पाश्चात्त्य ग्रंथांत ती सुमारे ५४० दिली जाते. पडदा पातळ असल्यास डोळ्याचा दाब प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो आणि काचबिंदू नजरेतून निसटू शकतो, म्हणून हा फरक किरकोळ मानता येत नाही.

जाडी मोजण्याची जुनी व विश्वासार्ह पद्धत म्हणजे ध्वनिलहरींची पॅकिमेट्री. बधिर करणारे थेंब घालून पेन्सिलीएवढी सळई बुबुळाला टेकवली जाते, मात्र ती किंचित तिरकी टेकली तरी आकडा फुगतो आणि मापही एका बिंदूपुरतेच मिळते. शाईमफ्लूग पद्धतीच्या यंत्रात (उदाहरणार्थ पेंटाकॅम) फिरता कॅमेरा सुमारे दोन सेकंदांत, डोळ्याला स्पर्श न करता, संपूर्ण पडद्याचा रंगीत नकाशा काढतो. पडदा शंकूसारखा पुढे येण्याचा केरॅटोकोनस हा विकार असल्यास सर्वांत पातळ जागा बहुधा मध्याच्या खाली सरकलेली असते आणि ती या नकाशात दिसते, त्यामुळे चष्मा घालवण्याची लेसर शस्त्रक्रिया करू इच्छिणाऱ्या तरुणांनी केवळ मधल्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात, कराड-वाळव्यापासून मिरजेपर्यंत, उसाचे पाते लागून जखम चिघळते आणि मागे डोळ्यात फूल पडते, अशा वेळी प्रश्न वेगळा होतो. धुरकट पडद्यातून शाईमफ्लूगचा दृश्य प्रकाश विखुरतो आणि माप चुकू शकते. पुढच्या भागाचा ओसीटी मात्र अवरक्त किरणांनी पडद्याचा उभा छेद दाखवतो आणि डाग किती खोल गेला आहे तेही सांगतो. जखम ताजी असताना बुबुळाला काहीही न टेकवणे हेच इष्ट, आणि तेथेही ओसीटीच उपयोगी पडतो.

या यंत्रांचे आकडे एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत; ऑर्बस्कॅन या जुन्या यंत्राचे माप ध्वनिलहरींच्या मापाशी जुळवण्यासाठी ०.९२ ने गुणावे लागे. म्हणून सांगलीत एका यंत्रावर आणि पुण्यात दुसऱ्यावर आलेल्या आकड्यांतील घट म्हणजे आजार वाढला, असे रुग्णाने परस्पर ठरवू नये. झोपेतून उठल्यावर पडदा थोडा सुजलेला असल्याने पुनर्तपासणी शक्यतो त्याच यंत्रावर व दिवसाच्या त्याच सुमारास करावी, कॉन्टॅक्ट लेन्स किती दिवस आधी बंद ठेवायची ते विचारून घ्यावे, आणि यंत्राचे नाव असलेला छापील अहवाल प्रत्येक खेपेस सोबत न्यावा.