चाँद दिसण्याआधी गोळ्यांची वेळ ठरवा

शाबान महिन्याची २९ तारीख. सूर्य मावळला, की माणसं गच्चीवर जमतात आणि सगळ्यांच्या नजरा पश्चिमेकडे लागतात. चंद्रकोर दिसली तर त्याच रात्री मशिदीत तरावीह सुरू होते आणि पहाटे पहिली सहरी. नाही दिसली तर शाबानचे ३० दिवस पुरे करायचे. उद्या रोजा आहे की नाही, हे कधी कधी रात्री उशिरा कळतं. तोवर दवाखाने बंद झालेले असतात. मग रोज नाश्त्याबरोबर घ्यायच्या गोळीचं उद्या काय करायचं, हे घरातलंच कुणीतरी अंदाजाने ठरवतं. मधुमेही रुग्णांच्या बाबतीत मला काळजी वाटते ती याच रात्रीची.

माझ्याकडे येणाऱ्या एक आजी सवयीप्रमाणे ग्लिमेपिराइडची गोळी सहरीला चहाबरोबर घेत. दुपारी चारच्या सुमारास घाम फुटायचा, हात कापायचे. पण इफ्तारला थोडाच वेळ उरलाय म्हणून त्या सुनेलासुद्धा काही सांगत नसत. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या पोट रिकामं असलं तरी साखर उतरवत राहतात. १३ देशांत झालेल्या ‘एपिडायर’ या अभ्यासात टाइप २ मधुमेहींची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचं प्रमाण रमजानमध्ये ७.५ पट झालेलं दिसलं. म्हणून सकाळचा मोठा डोस बहुतेक वेळा इफ्तारकडे सरकवावा लागतो आणि सहरीचा कमी करावा लागतो. किती, ते तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या, शेजाऱ्याची चिठ्ठी पाहून नको. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधीच भेटावं.

शाबानमध्ये, विशेषतः शब-ए-बरातच्या सुमारास, बरेच जण नफली रोजे ठेवतात. डॉक्टर म्हणून मला ही फार मोलाची संधी वाटते. डॉक्टरांशी बोलून, बदललेल्या डोसवर असा एखादा रोजा ठेवा आणि दिवसभर साखर तपासा. बोटातून थेंबभर रक्त काढल्याने रोजा तुटत नाही, असंच बहुतेक उलेमा सांगतात. मनात शंका असेल तर आपल्या मौलानांना आधीच विचारून घ्या, म्हणजे ऐन वेळी ग्लुकोमीटर कपाटात पडून राहणार नाही.

साखर ७०च्या खाली गेली किंवा ३००च्या वर चढली, तर रोजा तिथेच सोडा. मगरिबच्या अजानला दहा मिनिटं असली तरी सोडा. आजारी माणसाला कुरआनातच सवलत दिली आहे: बरं झाल्यावर रोजे भरून काढता येतात, आणि जे कधीच ठेवू शकणार नाहीत त्यांच्यासाठी फिदया आहे. ही सवलत घेणं कमीपणाचं मानून कुढणारी माणसं मी पाहतो, तेव्हा वाईट वाटतं. टाइप १ मधुमेह, डायलिसिस, मधुमेह असलेली गर्भवती, नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका, गेल्या तीन महिन्यांत साखर उतरून शुद्ध हरपणं, यांपैकी काहीही असेल तर रोजा ठेवू नका, असंच मी सांगेन.

निरोगी माणसांना पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखण्याचा त्रास होतो. त्याचं मोठं कारण म्हणजे अचानक तुटलेला चहा. शाबानच्या शेवटच्या आठवड्यात रोज एकेक कप कमी करत जा. इफ्तारला खजूर आणि पाणी घ्या, भजी-समोसे थोडेच. मधुमेहींनी खजूरही एक-दोनच खावेत. पाणी इफ्तारपासून सहरीपर्यंत थोडं थोडं पीत राहा, सहरीच्या शेवटी एकदम तांब्याभर पिऊन ते दिवसभर पुरत नाही. सहरी टाळू नका. ती शक्य तितकी उशिरा करा, तिच्यात अंडं, डाळ, चपाती असू द्या.

तरावीहमध्ये बराच वेळ उठबस होते, त्यामुळे त्या महिन्यात संध्याकाळचं वेगळं फिरणं नको. साखरेची गोळी घेणाऱ्यांनी मशिदीत जाताना खिशात ग्लुकोजची पुडी ठेवावी आणि ती कुठल्या खिशात आहे, हे सोबतच्या मुलाला किंवा भावाला सांगून ठेवावं.