एक गाठ, तीन वाहने, एक दस्तऐवज

यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकीच्या परिसरात कापूस हे महत्त्वाचे पीक आहे. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. सुमारे १७० किलो वजनाची रुईची गाठ परदेशी सूतगिरणीत पोहोचावयाची, तर मालमोटार, आगगाडी आणि जहाज अशा तीन वाहनांची साखळी जुळवावी लागते. वाटेत गाठ भिजल्यास जबाबदार कोण, हा खरा प्रश्न होय.

कंटेनरमुळे ही साखळी सुलभ झाली. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन अमेरिकेतील न्यूअर्कहून निघाले. भारतात १९८८ साली कंटेनर कॉर्पोरेशनची स्थापना झाली, तर न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले.

व्यवस्था कोण करतो?

जहाज कंपनी समुद्रप्रवास स्वतः करते. रस्ता व रेल्वेची सेवा ती इतरांकडून घेते. रेल्वे कंटेनर चालक कोरड्या बंदरापासून सागरी बंदरापर्यंतचा टप्पा सांभाळतो. मालवाहतूक मध्यस्थाजवळ बहुधा स्वतःचे जहाज नसते. तो सर्व टप्प्यांची सेवा विकत घेऊन एकत्र बांधतो. मालमोटार कंपनीची जबाबदारी सामान्यतः तिच्या टप्प्यापुरतीच असते.

कायदा काय सांगतो?

निर्यातीसाठी १९९३ चा बहुविध माल वाहतूक कायदा लागू आहे. नोंदणीकृत चालकाने एकच दस्तऐवज दिला, की माल ताब्यात घेतल्यापासून सुपूर्द करीपर्यंतची जबाबदारी त्याची ठरते. मालाचे स्वरूप व मूल्य नोंदविलेले नसेल आणि नुकसान कोणत्या टप्प्यात झाले हे कळले नाही, तर समुद्रमार्ग असलेल्या वाहतुकीत भरपाईची मर्यादा किलोमागे २ किंवा नगामागे ६६६.६७ विशेष आहरण अधिकार, यांपैकी जी अधिक ती असते. हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक आहे. दस्तऐवजात कंटेनरमधील गाठींची संख्या नोंदविली असेल, तर प्रत्येक गाठ स्वतंत्र नग मानली जाते.

म्हणून शेतकरी उत्पादक कंपन्यांना मार्गदर्शन करणाऱ्यांनी तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात : चालकाची नोंदणी तपासावी, दस्तऐवजात गाठींची संख्या व मूल्य लिहवून घ्यावे, दाव्याची नऊ महिन्यांची मुदत चुकवू नये. भाड्यातील थोड्या बचतीपेक्षा ही दक्षता अधिक मोलाची ठरते.