परसबाग आणि दृष्टिरक्षण

शेतकऱ्याचे बहुतेक सर्व काम डोळ्यांच्या भरवशावर चालते. बियाणे पारखणे, तिफणीची ओळ सरळ धरणे, कपाशीच्या पानाखालची कीड वेळीच ओळखणे, रात्रीच्या पाळीत पिकास पाणी देणे, ही कामे चांगल्या दृष्टीवाचून नीट होऊ शकत नाहीत. तथापि पिकाची आणि जनावरांची जितकी काळजी घेतली जाते, तितकी डोळ्यांची घेतली जात नाही. दृष्टी राखण्याची अनेक साधने शेतात व परसातच उपलब्ध आहेत. त्याचप्रमाणे दृष्टीस अपाय करणारी काही कारणेही शेतातच आहेत. ह्या दोहोंची माहिती प्रत्येक कुटुंबास असणे अगत्याचे आहे.

रातांधळेपणा कशाने होतो ?

केवळ वाळलेल्या कडब्यावर दीर्घकाळ राहिलेल्या जनावरास संध्याकाळनंतर नीट दिसत नाही, ते वाटेतील वस्तूंवर आदळते, हे जाणत्या पशुपालकास ठाऊक असते. हिरव्या चाऱ्यात कॅरोटीन नावाचे द्रव्य असते व त्यापासून शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व तयार होते. चारा वाळून जुना होत गेला की हे द्रव्य नाहीसे होत जाते. हिरवा चारा खाणाऱ्या गाईच्या तुपास जो पिवळा रंग असतो, तो ह्याच कॅरोटीनचा होय.

माणसाचेही असेच आहे. डोळ्याच्या आतील पडद्यात मंद प्रकाश टिपणारे एक द्रव्य असते व ते घडविण्यास ‘अ’ जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले म्हणजे प्रथम संधिप्रकाशात दिसेनासे होते. ज्वारीच्या भाकरीने पोट भरते व बळ मिळते. परंतु ज्वारीत कॅरोटीन अत्यल्प असते. म्हणून भाकरी आणि चटणी एवढ्यावरच वाढणाऱ्या मुलाच्या डोळ्यांस धोका संभवतो.

ह्या विकाराच्या पायऱ्या ओळखता आल्या पाहिजेत. दिवसा खेळणारे मूल दिवेलागणीनंतर चाचपडू लागते, ताटातील वस्तू त्यास सापडत नाही, किंवा ते आईजवळून हलत नाही. पुढे डोळ्याची चमक जाते, बुबुळाच्या बाजूस पांढऱ्या भागावर फेसासारखे करडे डाग दिसू लागतात. येथपर्यंत उपचार झाल्यास दृष्टी वाचते. त्यानंतर बुबुळ मऊ पडून त्यास जखम झाली, तर थोड्याच दिवसांत कायमचे अंधत्व येते. गोवर व दीर्घकाळचे जुलाब ह्यांमुळे शरीरातील साठा झपाट्याने संपतो. अशा आजारातून उठलेल्या मुलाकडे विशेष लक्ष द्यावे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने ह्या प्रश्नाचा अभ्यास केला आणि 1970 मध्ये बालकांना ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पहिला, 1 लाख एककांचा डोस नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर देतात. पुढे पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत दर सहा महिन्यांनी 2 लाख एककांचा डोस असतो. असे एकूण नऊ डोस होतात. ते चुकवू नयेत, तसेच आपल्या मनाने जादाही देऊ नयेत. हे जीवनसत्त्व शरीरात साठत असल्यामुळे अतिरेक अपायकारक होतो. डोस हा कठीण काळातील आधार आहे. रोजची गरज मात्र रोजच्या अन्नातूनच भागली पाहिजे.

बाजारास जाते, घरात राहत नाही

गारखेडा हे एकेकाळचे गाव आज छत्रपती संभाजीनगर शहरात सामावले आहे. जेथे शेते होती तेथे वसाहती उभ्या राहिल्या. ज्यांची जमीन गेली, त्यांच्या घरी भाजी विकत येऊ लागली. शहराभोवतालच्या गावांत ह्याच्या उलट चित्र आढळते. पहाटे मेथी, पालक, शेपूच्या जुड्या जाधववाडीच्या बाजारात जातात आणि त्या पिकविणाऱ्याच्या ताटात मात्र पालेभाजी क्वचितच पडते. एका ठिकाणी जागेची अडचण, तर दुसऱ्या ठिकाणी सवयीची. दोहोंवर परसबाग हाच सोपा तोडगा आहे. परसबागेतील भाजी विकण्यासाठी नसून घरातील लेकरांसाठी आहे, एवढा निश्चय प्रथम करावा.

परसबागेची आखणी

ह्या भागात वर्षास सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच येतो. म्हणून थोड्या पाण्यावर टिकणाऱ्या झाडांना प्राधान्य द्यावे.

शेवगा : प्रत्येक घरामागे एक तरी झाड असावे. शेंगांपेक्षा पाल्यात कॅरोटीन कितीतरी अधिक असते. तरी आपल्याकडे शेंगा खाऊन पाला टाकून देण्याची चाल आहे. पावसाच्या आरंभी 60 सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात घमेलेभर कुजलेले शेणखत व पोयट्याची माती भरावी आणि पी.के.एम.-1 सारख्या सुधारित जातीचे रोप लावावे. रोप सुमारे 1 मीटर उंच झाल्यावर शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटून पाला हाताशी येतो.

पपई व अळू : न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर ही दोन्ही चांगली येतात. पपईच्या बुंध्याशी पाणी साचू देऊ नये. पिकलेली पपई लहान मुलांना सहज पचते.

पालेभाज्या : 2 मीटर लांब व 1 मीटर रुंद असे पाच वाफे करावेत. सर्व वाफे एकाच दिवशी न पेरता आठ-आठ दिवसांच्या अंतराने पालक, मेथी, राजगिरा, तांदुळजा पेरावा. बहुतेक भाज्या महिनाभरात काढणीस येत असल्याने घरात सतत ताजी भाजी राहते. ह्या वाफ्यांना सांडपाणी न देता स्वच्छ पाणी द्यावे. रब्बीत करडईची कोवळी भाजी शेतातूनच मिळते.

इतर : लाल भोपळ्याचा वेल गोठ्याच्या छपरावर चढवावा; नारिंगी गराचा ‘अर्का चंदन’ हा वाण उपयुक्त आहे. हिवाळ्यात एका वाफ्यात गाजर घ्यावे. नारिंगी गराच्या रताळ्यातही कॅरोटीन भरपूर असते. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेचे ‘भू सोना’ हे वाण त्यासाठी प्रसिद्ध आहे. कडीपत्त्याचे एक झाड कोपऱ्यात असावे.

परसबागेत विषारी कीटकनाशके वापरू नयेत. मावा दिसल्यास निंबोळीचा 5 टक्के अर्क फवारावा. त्यासाठी 50 ग्रॅम निंबोळी चूर्ण रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी फडक्याने गाळावे व एकूण द्रावण 1 लिटर करावे.

ज्यांच्याजवळ अंगण नाही, त्यांनी गच्चीवर जुन्या डब्यांत किंवा पोत्यांत राजगिरा, मेथी व पालक घ्यावा. डब्यांच्या बुडास भोके पाडण्यास विसरू नये. ज्या डब्यांत कीटकनाशके वा रसायने होती, ते मात्र कदापि घेऊ नयेत.

रांधण्याची रीत

भाजी आधी धुवावी व मग चिरावी. झाकण ठेवून थोड्या पाण्यात, गरजेपुरतीच शिजवावी. कॅरोटीन अंगी लागण्यास स्निग्ध पदार्थ लागतो, म्हणून तेलाची फोडणी किंवा शेंगदाण्याचे कूट अवश्य घालावे. शेवग्याचा पाला साठवावयाचा असल्यास सावलीत वाळवावा. उन्हात वाळविल्याने कॅरोटीनचा नाश होतो. सावलीत वाळविलेल्या पाल्याची भुकटी वरणात किंवा भाकरीच्या पिठात मिसळता येते. प्रौढ माणसाने दररोज सुमारे 100 ग्रॅम पालेभाजी खावी. सहा महिन्यांवरील बालकास वरण-भातात कालवलेली मऊ पालेभाजी, शिजविलेला भोपळा व पपईचा गर द्यावा. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातेच्या ताटात ही भाजी प्रथम पडावी. मातेच्या आहारावरच दुधातील जीवनसत्त्व अवलंबून असते.

शेतातील धोके

ज्वारीची किंवा उसाची पात डोळ्यास लागणे, मळणीच्या वेळी कुसळ जाणे, ह्या गोष्टी किरकोळ समजल्या जातात. परंतु अशा जखमेतून बुरशी शिरून बुबुळावर व्रण पडतो व बरा झाला तरी फूल राहते. डोळा चोळू नये. मध, कांद्याचा रस, एरंडेल, दूध ह्यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. दुकानातून आणलेले थेंबही सल्ल्याविना घालू नयेत. त्यांतील काही औषधांनी बुरशीचा व्रण उलट बळावतो. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. छत्रपती संभाजीनगर येथे ‘घाटी’ ह्या नावाने परिचित असलेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात नेत्रविभाग आहे.

कीटकनाशक किंवा चुना डोळ्यात गेल्यास डॉक्टरची वाट न पाहता स्वच्छ पाण्याच्या धारेने डोळा 15 ते 20 मिनिटे धुवावा व मगच रुग्णालय गाठावे. यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत अनेक शेतकरी व मजूर दगावले आणि काहींच्या दृष्टीवरही परिणाम झाला. सबब फवारणीच्या व मळणीच्या वेळी संरक्षक चष्मा वापरावा, आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने कधीही फवारू नये.

स्वच्छतेचे महत्त्वही तितकेच आहे. एके काळी असंख्य लोकांची दृष्टी हिरावून घेणाऱ्या खुपऱ्या ह्या रोगाचे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर केले. मुलांचे तोंड स्वच्छ धुणे, प्रत्येकाचा पंचा वेगळा ठेवणे व घराभोवती माश्या होऊ न देणे ह्या सवयी पुढेही टिकविल्या पाहिजेत. शिसे असलेला सुरमा किंवा काजळ बालकांच्या डोळ्यात घालू नये.

नैसर्गिक उपायांची मर्यादा

आहाराने रातांधळेपणा टळतो. परंतु गाजर खाऊन चष्म्याचा नंबर जात नाही, डोळ्यांच्या व्यायामानेही तो उतरत नाही. मुले दररोज सुमारे दोन तास उघड्यावर खेळली तर जवळचाच नंबर न लागता लांबचे अंधुक दिसण्याचा दोष जडण्याची शक्यता कमी होते, हे मात्र खरे. मोतीबिंदू कोणत्याही थेंबाने, रसाने किंवा पाल्याने विरघळत नाही. त्यास शस्त्रक्रिया हाच उपाय आहे. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही, म्हणून चाळिशीनंतर डोळे तपासून घ्यावेत. मधुमेह असलेल्यांनी ही तपासणी दरवर्षी करावी. तंबाखूचे धूम्रपान सोडणे हाही दृष्टिरक्षणाचा एक उपाय होय.

ग्रामकार्यकर्त्यांचे कार्य

ग्रामकार्यकर्त्यांनी अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्तींच्या साह्याने ज्या घरी पाच वर्षांखालील मुले आहेत, त्या घरांची यादी करावी. पाऊस सुरू होण्यापूर्वी प्रत्येक घरी शेवग्याचे एक रोप व पालेभाज्यांचे बी पोहोचेल अशी व्यवस्था पाहावी. भेटीच्या वेळी मातेस एकच प्रश्न अवश्य विचारावा : “दिवे लागल्यावर लेकराला नीट दिसते ना ?” उत्तर नकारार्थी आल्यास त्या मुलास दुसऱ्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, ह्या विकारात आठवड्याचा विलंबही महाग पडतो. एका वर्षानंतर किती रोपे लावली ह्याची मोजणी न करता किती घरांत पाला शिजतो ह्याची मोजणी करावी. परसात उभे असलेले झाड जेव्हा ताटात उतरते, तेव्हाच ते डोळ्यांच्या उपयोगी पडते.